चोपन्न किलोंची मुलगी

बाजारात तिला सगळे चोपन्न म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, हे वय असावं. तो भाबडेपणानं म्हणतो, "छे, वाटत नाही हो तुमच्याकडे बघून!" आणि आजूबाजूचे दुकानदार तोंडावर हात ठेवून हसतात. वयानं ती आत्ता कुठे चाळिशीला टेकतेय. चोपन्न हे तिचं वजन. म्हणजे, एके काळचं.

तिच्या वडिलांना लोक पासष्ट म्हणायचे. वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली उतरून जायचं, एका खिडकीचं दुकान. आत गेलं की आधी तेलाचा वास, मग पितळ घासायच्या पावडरीचा. बिस्किटांच्या जुन्या डब्यांत स्प्रिंगा, खिळ्यांवर टांगलेल्या दांड्या, आणि कोपऱ्यात ओळीनं उभी पाच लोखंडी वजनं, वीस वीस किलोंची, वर कडी असलेली. लहानपणी ती त्या वजनांना पाच काका म्हणायची.

गावात कुठे काटा बिघडला, की बाबा हे पाचही काका हातगाडीवर चढवून निघत. "काट्याला कान नसतात," ते म्हणत, "त्याला लोखंडानंच समजावावं लागतं." आधी एक वजन ठेवायचं, मग दोन, मग पाचही. आकडा जुळेपर्यंत पेचकस फिरवायचा. आणि सगळं जुळलं, की बाबांचं एक खास काम उरायचं. ते बूट काढत. खिशातला पेचकस, पेन्सिल, चष्म्याचं घर, सगळं बाजूला ठेवत आणि स्वतः काट्यावर उभे राहत.

पासष्ट.

"ओळखलं बघ मला," म्हणून खाली उतरत. मग तारेत शिशाची गोळी ओवून, चिमट्यानं दाबून दुकानाचा शिक्का मारत. शिक्का लागला की तो काटा खरा. तो उघडायची कुणाची छाती नव्हती.

तीस वर्षं बाबा पासष्टच होते. चौसष्ट नाही, सहासष्ट नाही. त्यामुळे वखारीच्या दारात हातगाडीचं चाक कुरकुरलं, की हमाल ओरडत, "पासष्ट आले रे!"

बाराव्या वर्षापासून ती हातगाडीला मागून रेटा देऊ लागली. अठराव्या वर्षी उंची थांबली, वजनही थांबलं, चोपन्नावर. मग तपासणीला तीन अंक झाले. आधी बाबा: पासष्ट. मग ती: चोपन्न. मग दोघं एकमेकांचे खांदे धरून एकदम: एकशे एकोणीस! हमाल टाळ्या वाजवत. ती नाटकातल्यासारखी वाकून नमस्कार करी. बाबा दटावत, "नीट उभी राहा, काटा हलतोय."

आई मात्र काट्यावर कधी उभी राहिली नाही.

"अहो, मी काय बटाट्याचं पोतं आहे?"

"छे! पोत्याचं तोंड शिवलेलं असतं," बाबा म्हणत, आणि आई हातातलं फडकं त्यांच्या पाठीत मारी.

दुकानाच्या वरच घर होतं. आई हाका मारण्याऐवजी वरूनच हातातला डाव आपटायची, जिन्याच्या कठड्यावर. एकदा आपटला म्हणजे चहा, दोनदा म्हणजे जेवण. संध्याकाळी सातला ते दोन ठोके पडायचेच. हातात अर्धा उघडलेला काटा असला तरी बाबा उठत. तिघं एका टेबलाशी बसत, आणि जेवताना दिवसभराच्या गोष्टी निघत. बेकरीवाल्याचा नवा काटा कसा हट्टी आहे, टपाल कचेरीतल्या बाई काट्याला कशा चापट मारतात. बोलण्यात वेळ जाई. ताट संपायला पाऊण तास लागे. साडेनवाला दिवा बंद. सकाळी सहाला पुन्हा जिन्यावर एक ठोका.

चोपन्न हे चोपन्नच राहायला रोज केवढं काय काय घडत होतं, हे तेव्हा तिला दिसलंच नाही. तिला वाटायचं, डोळ्यांचा रंग असतो तसं हे वजन आहे. आपल्याला मिळालं. आपलं झालं.

एकविसाव्या वर्षी ती मोठ्या शहरात नोकरीला गेली. घरगुती यंत्रं विकणारी एक कंपनी होती. लोकांचे फोन घ्यायचे, तक्रार ऐकायची, पडद्यावर लिहायची.

"बसून काम?" बाबांनी विचारलं होतं.

"मस्त खुर्ची आहे बाबा. गोल फिरते."

"माणूस कुठे फिरतो मग?"

ते तिनं हसण्यावारी नेलं.

खुर्ची खरंच छान होती. एकदा बसलं की नऊ तास उठायची गरज नाही. फोन डोक्याला लावलेला, पाण्याची बाटली टेबलावर, छपाईचं यंत्र हात लांब केला की हाताशी. तिसऱ्या मजल्यावर जायला लिफ्ट. व्हरांड्यात एक कॉफीचं यंत्र होतं, आणि त्याच्या कॉफीत साखर आधीच घातलेली असायची. ती कमी करायचं बटण होतं, पण ते कधीचं मोडलेलं. चिडलेल्या माणसाचा फोन संपला की ती एक कप घ्यायची. दिवसाला पाचसहा माणसं तरी चिडायचीच. चाळीस जणांचं खातं, म्हणजे दर आठवड्याला कुणाचा तरी वाढदिवस. केक नको म्हटलं की शेजारची म्हणे, "ए, शिष्ट! एवढासा तर आहे." ड्रॉवरमध्ये बिस्किटांचा पुडा असायचा. तो भुकेसाठी नव्हता. हाताला काहीतरी हवं म्हणून होता.

दर दुसऱ्या आठवड्याला कामाची पाळी बदलायची. कधी जेवण दुपारी चारला, कधी रात्री अकराला. खोलीवर ती एकटी. टेबल नव्हतं, पलंगावर बसून ती फोनमध्ये मालिका बघत जेवायची. डबा कधी संपला, ते डब्याचा तळ दिसल्यावर कळे. झोप कधी पाच तास, कधी चार. झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी सकाळपासून गोड हवंसं वाटे, आणि गोड कुठे मिळतं, ते पायांना पाठ होतं. आता पायांना तेवढंच पाठ उरलं होतं.

तिसऱ्या वर्षी आई गेली. चार दिवसांचा ताप, बस. ती घरी आली, पंधरा दिवस राहिली, परत गेली. त्यानंतरच्या हिवाळ्यात ती काय काय खात होती, हे तिला नंतर कधी नीट आठवलं नाही. एवढंच आठवे, की संध्याकाळचे सात वाजले की काहीतरी तोंडात टाकावंच लागायचं. नाहीतर ते दोन ठोके न ऐकू येणं सहन व्हायचं नाही.

पँट घट्ट झाली तेव्हा तिनं कंबरेला इलॅस्टिक असलेली घेतली. इलॅस्टिक फार समजूतदार. कुणाला काही बोलत नाही. आणि वजन? वजनकाटेवाल्याची लेक ती, चार वर्षांत एकाही काट्यावर पाय ठेवला नाही. कशाला ठेवेल? तिला तिचं वजन माहीत होतं की. चोपन्न.

पंचविसाव्या वर्षी बाबांचे गुडघे बोलायला लागले आणि ती नोकरी सोडून परत आली.

दुकानात फार काही बदललं नव्हतं. दुकानातल्या मोठ्या काट्यावर खोकी रचून ठेवली होती, त्यामुळे सकाळी दुकान उघडताना दोघांनी त्यावर उभं राहायची जुनी पद्धत आपोआप बंद पडलेली. वरून ठोके नव्हते. बाबा ब्रेड-सूपवर भागवत, ती बाहेरून काहीतरी बांधून आणे. दोघं आपापल्या वेळी जेवत.

एके दिवशी बाबा म्हणाले, "या महिन्याचे सगळे काटे तू लावायचे. मी येणार नाही. सगळीकडून ठीक आहे असा निरोप आला, की हा चिमटा तुझा."

चिमटा म्हणजे शिक्क्याचा. पस्तीस वर्षं तो त्यांच्या पट्ट्याला लटकलेला होता. तो मिळणं म्हणजे दुकान मिळणं.

"आणि निरोप नाही आला तर?"

"मग अजून थोडं शीक. मी आहे इथंच. गुडघे कुठे जाऊ देतायत मला?"

तिनं शहरातून स्कूटर आणली होती. पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं, की पाच काका काही स्कूटरवर बसत नाहीत. हातगाडी बाहेर काढायची म्हणजे चाकाला तेल, चढावर दम, घामाघूम. आणि नवे काटे तर इलेक्ट्रॉनिक. त्यांना फक्त एक माहितीतलं वजन लागतं. ते काट्यावर ठेवायचं, आकडा दाबायचा, काटा तेवढं शिकतो आणि पुढचं सगळं त्यावरून मोजतो.

माहितीतलं वजन. तिनं बूट काढले, खिसे रिकामे केले, काट्यावर उभी राहिली आणि बोटानं दाबलं: पाच, चार.

आठ दिवसांत अकरा काटे झाले. एवढ्या वेगानं बाबांनीही कधी लावले नव्हते.

नवव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. डॉक्टरीणबाईंनी तिला लहानपणापासून पाहिलेलं होतं.

"अगं, जरा येऊन जातेस? माझ्याकडे चमत्कार झालाय."

ती गेली. दवाखाना रिकामा होता. डॉक्टरीणबाई काट्याकडे असं बघत होत्या, जणू तो पेशंट आहे.

"गेल्या आठवड्यापासून इथं येणारा प्रत्येक माणूस बारीक होतोय," त्या म्हणाल्या. "मी नऊ वर्षं सत्तर आहे. परवा उभी राहिले तर बासष्ट! खरं सांगते, एक गिरकी घेतली मी. मग आरशात बघितलं. आरसा काही सहमत होईना."

"असं कसं होईल? थांबा हं." तिनं बूट काढले आणि वर चढली. काट्यानं दाखवलं, चोपन्न. "बघा! बरोबर आहे की. मी चोपन्न."

डॉक्टरीणबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आतल्या खोलीत गेल्या, आणि पडद्यामागे उभा असलेला सरकत्या दांडीचा जुना काटा खुर् खुर् करत बाहेर ओढून आणला.

"यावर उभी राहा."

दांडीवरचं वजन त्यांनी चोपन्नावर सरकवलं. दांडी वरच. छप्पन्न. वरच. अठ्ठावन्न. साठ. एकसष्टला दांडी हलली, डुलली आणि अधांतरी स्थिर झाली.

"हा बिघडलाय," ती म्हणाली.

"याच्यावर तुझ्या बाबांचा शिक्का आहे."

ती खाली बघायला लागली. शिशाची गोळी होती, तारेत ओवलेली. गोळीवर छोटा तराजू उमटलेला.

ती तशीच काट्यावर उभी राहिली. खाली उतरायचं असतं, हे सुद्धा सुचेना.

"काकू," ती शेवटी म्हणाली, "म्हणजे मी त्या काट्याला खोटं शिकवलं."

"आधी उतर. बस." त्यांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. "सात किलो. चार वर्षांत. तुझ्या वयाची निम्मी मुलं माझ्याकडे येऊन असंच तोंड करतात. शाळा-कॉलेज संपतं, खेळ सुटतो, खुर्ची लागते. झोप किती होती तिथं?"

"चार. पाच."

"जेवायला कुणी सोबत?"

"फोन."

"हं. आणि आई गेल्यावर?"

ती ग्लासाच्या काठावर बोट फिरवत राहिली.

"अगं, मी दोष देत नाहीये," डॉक्टरीणबाईंचा आवाज खाली आला. "कुणी एकदम सात किलो वाढत नाही. वर्षाला दीडपावणेदोन किलो. दारावर टकटकही करत नाही ते. तुझं तू बघू हळूहळू, त्याची घाई नाही. घाई आहे ती या काट्याची. लहान मुलांची औषधं मी वजनावर देते. मला संशय आला म्हणून बरं, या आठवड्यात एकालाही यावरून दिलं नाही."

तिनं ग्लास दूर सरकवला.

"बाबांना सांगणार तुम्ही?"

"मी? मला काय पडलंय. काटा नीट करून दे, बस."

परत येताना तिनं स्कूटर दोनदा चुकीच्या गल्लीत घातली. मनात एकच हिशेब. अकरा जागा. गुपचूप जायचं, सर्व्हिसिंगचं निमित्त सांगायचं, खरं वजन वापरून नीट करायचं. कुणाला कळणार? निरोप येतील, सगळं ठीक. चिमटा मिळेल. सांगितलं, तर बाबांचा पस्तीस वर्षांचा शिक्का, आणि मी तो आठ दिवसांत... बरं, सांगायचं तरी काय? काटा का चुकला? कारण मी जाड झाले. हे अकरा दुकानांत जाऊन, काउंटरसमोर उभं राहून?

दुकानात बाबा दिसले नाहीत. तिनं एका काकाच्या कडीत हात घातला. उचलायला गेली. पूर्वी ती दोन हातांत दोन घेऊन पायऱ्या चढायची. आता एक उचलून दुसऱ्या पायरीवर पोचेपर्यंत धाप लागली. वजन धप्पकन खाली बसलं.

"कुठे निघाले काका?"

बाबा जिन्यात उभे होते, कठड्याला धरून.

"असंच. एक काटा..."

"स्कूटरवर? एकटे?"

ती पायरीवर बसली. आणि मग थांबताच येईना. खुर्ची, कॉफीचं बटण, पलंगावरचा डबा, इलॅस्टिक, आठ दिवस, अकरा काटे, गिरकी घेतलेल्या डॉक्टरीणबाई. सगळं उलटसुलट, एका दमात. शेवटी म्हणाली, "मी वजनं नेलीच नाहीत बाबा. मला वाटलं मी आहेच की."

बाबांनी पायरीवर बसलेल्या काकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "किती?"

"अकरा."

"काटे नाही गं. तू किती?"

"एकसष्ट."

ते एकेक पायरी खाली उतरले. मोठ्या काट्यावरची खोकी पायानंच ढकलून बाजूला केली. बूट काढले. चष्म्याचं घर, पेन्सिल काढून ठेवली आणि काट्यावर उभे राहिले.

एकोणसाठ.

तिनं पुन्हा वाचलं. एकोणसाठ.

"तुझी आई गेल्यापासून," बाबा म्हणाले. "खोकी काय उगाच ठेवली होती मी यावर?" आणि जरा थांबून, "एकशे एकोणीस होतो, आता एकशे वीस. घरात फार फरक पडला नाहीये. जरा इकडचं तिकडं झालंय एवढंच."

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम, आणि ते दोन्ही फार वाईट दिसलं असणार.

"पण मी शेवटी उभा राहायचो, पोरी. लोखंड झाल्यावर. आधी नाही. माझं मला कळायला, काट्याला शिकवायला नाही." ते बूट घालू लागले. "हातगाडी काढ. सकाळी निघायचं."

"गुपचूप नीट केलं तर..."

"शिक्का असा चोरून दुरुस्त होत नाही. जिथं चुकलं तिथं सांगायचं. तूच सांगायचं. मी स्टुलावर बसेन."

दुसऱ्या दिवशी चाकाला तेल घालूनही हातगाडी कुरकुरली. पहिल्या चढावरच तिच्या पोटऱ्या भरून आल्या. बाबा शेजारून एकेक पाऊल टाकत, मध्येच कठड्यावर टेकत. "अगं हळू. काकांना कुठे गाडी पकडायचीय?"

आधी दवाखान्याचा काटा लावला, तिथं सांगायचं काही उरलंच नव्हतं. टपाल कचेरीत मात्र तिच्या तोंडून शब्द फुटेना. "काट्यात... थोडा... माझ्याकडून..." बाई वाट बघत राहिल्या. बाबा स्टुलावरून छताकडे बघत होते. शेवटी ती भडाभडा बोलली, "मी चोपन्न समजून उभी राहिले, पण मी एकसष्ट आहे!" मागच्या रांगेतला माणूस खोकला. बाई म्हणाल्या, "अय्या, मला वाटलं काहीतरी भयंकर आहे."

बेकरीवाल्यानं ऐकलं, पाव कापायचा थांबला आणि म्हणाला, "मग मी गेले आठ दिवस पिठाला शिव्या देतोय ते?" व्यायामशाळेत तर वेगळीच तऱ्हा. तिथला मालक दरवाज्यात हात आडवा धरून उभा.

"काटा नीट करायचाय? नको! अजिबात नको! अगं, लोक एवढे खूश आहेत. एकानं घरी जाऊन मेजवानी दिली."

"दादा, तो खोटा आहे."

"पण उत्साह खरा आहे ना!"

बाबांना स्टुलावर हसू आवरेना. पंधरा मिनिटं समजूत घालावी लागली. ती शेवटी म्हणाली, "हे बघा, माझंही मला चार वर्षं खोटंच माहीत होतं. फार छान वाटतं. मग एक दिवस दोन पायऱ्यांत धाप लागते." मालकानं हात खाली घेतला.

पाचव्या-सहाव्या जागेपर्यंत ते वाक्य तिच्या तोंडात बसलं. एकसष्ट हा आकडा तिला आधी जिभेवर निखाऱ्यासारखा लागायचा. आता तो आकड्यासारखा लागायला लागला. कुणी विचारे, "एवढं कसं वाढलं गं?" तर ती तार ओवता ओवता सांगे. खुर्ची सांगे, अपुरी झोप सांगे, एकटीनं जेवणं सांगे. आणि गंमत म्हणजे ऐकणाराही मग आपलं काहीतरी सांगे. खिळ्यांच्या दुकानातली तिच्याच वयाची सून म्हणाली, "लग्नानंतर दोघं रोज बाहेर जेवतो गं. माझे नऊ आहेत. कुणाला सांगू नकोस."

प्रत्येक ठिकाणी ती काटा लावी आणि बाबा वाकून शिक्का मारत. प्रत्येक वेळी उठायला त्यांना जरा जास्त वेळ लागे.

वखार शेवटी ठेवली होती. मुद्दामच. दाण्यांच्या पोत्यांची वखार, आणि वखारवाले काका रागीट. दारात चाक कुरकुरताच हमाल ओरडले, "पासष्ट आले! चोपन्न आली!" तिला वाटलं, परत वळावं.

ती सरळ काकांसमोर जाऊन उभी राहिली. "काका, तुमचा नवा काटा चुकीचा आहे. मी लावला. माझं वजन चोपन्न धरून लावला, मी एकसष्ट आहे. जवळजवळ नववा हिस्सा तो कमी दाखवतोय. पन्नासचं पोतं भरताना तुम्ही सहासात किलो जास्त भरताय."

मग पोत्यांच्या थप्पीवरून एक म्हातारा हमाल खच्चून ओरडला, "मी काय सांगत होतो! तीन दिवस सांगतोय, पोतं जड आहे, पोतं जड आहे! मालक म्हणतात, काटा म्हणतोय पन्नास! माझी कंबर काय म्हणतेय, ते कोण ऐकणार?"

"गप्प!" काका गरजले. चेहरा लाल झालेला. ते बाबांकडे वळले. "पस्तीस वर्षं तुमचा काटा वापरतोय. हे असं?"

बाबांनी तोंड उघडलं, पण ती मध्येच बोलली. "त्यांनी नाही, मी. त्यांनी कायम लोखंड वापरलं. मी आळस केला. भरलेली सगळी पोती मी परत मोजून देते, आत्ता. एकूणएक."

काका तिच्याकडे बघत राहिले. तिच्या घामानं भिजलेल्या कपाळाकडे, तिच्यामागच्या हातगाडीकडे. "एकटी?"

"पाच काका आहेत बरोबर."

एक हमाल फिस्सकन हसला. काकांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "बरं. लाव."

दुपारभर चाललं. वीस, चाळीस, साठ, ऐंशी, शंभर. आकडा दाबायचा, पुन्हा वीस. काटा बरोबर आल्यावर मग पोती: म्हातारा हमाल उतरवी, ती मोजी, जास्तीचे दाणे काढी, तोंड पुन्हा बांधी. दोन तासांनी तिच्या हातांना कड्यांचे वळ उठले. हमालानं तिला आपल्या कळशीतलं पाणी दिलं आणि विचारलं, "मग आता तुला काय म्हणायचं? एकसष्ट?"

"दर महिन्याला नाव बदलत बसणार का मामा? चोपन्नच असू दे. वजन हवं असेल तर काट्याला विचारा."

शेवटचं पोतं झालं. शिक्का मारायची वेळ आली. बाबा स्टुलावरून उठायला गेले, अर्धवट उठले, आणि गुडघा धरून परत बसले. पट्ट्याचा चिमटा सोडला.

"मला नाही वाकता येत. तूच दाब."

"मी?"

"दुसरं कोण? तार आधी पिळ. हां. आता गोळी. दाब. अजून. शिसं आहे, त्याला लागत नाही."

तिनं दोन्ही हातांनी दाबलं. तळव्यावरचे वळ ठणकले. चिमटा उघडला, तेव्हा गोळीवर छोटा तराजू उमटला होता, किंचित वाकडा. ती चिमटा परत द्यायला वळली, तर बाबा खिशात पेन्सिल शोधत बसले होते. कुठे होती कुणास ठाऊक, पण सापडायला फार वेळ लागत होता.

वखारवाल्या काकांनी स्वतः एक पोतं ओढून काट्यावर ठेवलं. आकडा आला. ते वाकून बघत राहिले, मग सवयीनं बाबांना म्हणाले, "काय हो, बरोबर?"

"मला काय विचारता?" बाबा म्हणाले. "काटा तिनं लावलाय. तिला विचारा."

काका तिच्याकडे वळले. थप्पीवरचे हमालही वळले.

तिनं काट्याकडे एकदा पाहिलं, घाई न करता.

"बरोबर आहे," ती म्हणाली.